मदत हवी आहे: रिडबर्ग साखळीतले 'स्कार' हा खरा अपवाद की नुसता उशीर?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी.च्या प्रकल्पात दोन आठवडे एकाच जागी अडकलोय. विषय आहे रिडबर्ग अणूंच्या (लेझरने खूप वरच्या पातळीत उत्तेजित केलेल्या अणूंच्या) साखळीतले 'स्कार', म्हणजे बाकीच्या स्थिती समतोलाला जात असताना न जाणाऱ्या मोजक्या स्थिती. त्या कधीच जात नाहीत, की फक्त उशिरा जातात? २०१७ मध्ये हार्वर्डच्या गटाने ५१ रुबिडियम अणूंची रांग एकाआड एक उत्तेजित अशा स्थितीतून सोडली, तर ती समतोलाला जाण्याऐवजी पुन्हा पुन्हा मूळ मांडणीकडे येत राहिली. त्यामागचं पीएक्सपी मॉडेल (दोन्ही शेजारी तळाच्या पातळीत असतील तरच अणू पातळी बदलतो) मी २० अणूंच्या कड्यावर पायथनमध्ये सोडवतोय. शेजारचे दोन अणू एकदम उत्तेजित होत नाहीत, म्हणून १०,४८,५७६ ऐवजी १५,१२७ स्थितीच उरतात.

सगळे अणू तळाच्या पातळीत ठेवून सुरुवात केली की उत्तेजित अणूंचं प्रमाण लवकरच ०.२७६ च्या आसपास येतं, अनंत तापमानाला, म्हणजे सगळ्या स्थिती सारख्याच शक्य असताना, असायला हवं तेवढंच. एकाआड एक मांडणीचीही सरासरी ऊर्जा तेवढीच, शून्य, म्हणजे तीही तिथेच जायला हवी; पण ती दर ४.७ कालएककांनी परत येते! कोड चुकला समजून सगळा पुन्हा लिहिला, तरी तेच.

पण दर फेरीला शिखर खुजं होतं. मग हा अपवाद कसला, नुसता उशीरच ना? शिवाय ऊर्जापातळ्यांच्या लगतच्या अंतरांचं गुणोत्तर काढलं, तर ते ०.३९ च्याही खाली येतंय. मॉडेल छुपं इंटिग्रेबल (अचूक सुटणारं, म्हणून समतोलाला न जाणारं; त्याचं गुणोत्तर ०.३९ च्या आसपास) आहे का?

प्रतिसाद १
इंटिग्रेबल असतं तरी ०.३९ च्या खाली गेलं नसतं. कड्यात उलटसुलट संवेगांच्या (कड्याभोवती उलट दिशांच्या) पातळ्या सारख्याच ऊर्जेला जोडीने येतात, त्या तुम्ही एकत्र मोजताय. शून्य संवेग आणि सम परावर्तन एवढाच गट घ्या, नेमक्या शून्य ऊर्जेच्या स्थिती वगळा. कडं वाढवत गेलात की आकडा ०.५३ कडे, म्हणजे समतोलाला जाणाऱ्या प्रणालीच्या आकड्याकडे, सरकेल.

उशिराबद्दल: प्रत्येक आयगेनस्टेटचा (ठरावीक ऊर्जेच्या स्थितीचा) तुमच्या एकाआड एक मांडणीशी ओव्हरलॅप (ती किती जुळते) ऊर्जेसमोर लॉगमध्ये काढा. २१ ठिपके बाकीच्यांच्या वर तरंगतील, साधारण १.३३ च्या अंतराने. २π ला १.३३ ने भागा, तुमचे ४.७ मिळतील. अंतरं तंतोतंत सारखी नाहीत, म्हणून शिखरं खुजी. एकेएलटी साखळीत (स्पिन-१ च्या एका वेगळ्या मॉडेलमध्ये) मात्र असे आयगेनस्टेट २०१८ मध्ये कागदावर अचूक लिहून दाखवलेत. तिथे उशिराचा प्रश्नच नाही.

धागाकर्ता
मनापासून आभार! ठिपके दिसले, पण ११ च. उरलेले १०?

प्रतिसाद २
संवेग π च्या गटात बघा.