विल्यम्सची एक्सेल शीट: दोष सॉफ्टवेअरचा की सवयीचा?

शेवटचा_लॅप:
विल्यम्स या एफ वन रेसिंग टीमचा घोळ सॉफ्टवेअरचा की माणसांच्या सवयीचा, यावर एफ वनवाल्या मित्रांशी वाद झाला म्हणून इथे विचारतोय. जेम्स वाउल्स २०२३ ला मर्सिडीज टीममधून विल्यम्सचा प्रमुख म्हणून आला तेव्हा अख्ख्या गाडीची बांधणी, साधारण २० हजार पार्ट, एका एक्सेल शीटवर चालायची. पार्टची किंमत किती, बनायला किती दिवस, हातात किती आहेत, काहीच त्यातून कळत नव्हतं. पुढच्या वर्षी गाडी उशिरा उभी राहिली, स्पेअर चॅसी (गाडीचा मूळ सांगाडा) तयारच नाही आणि मेलबर्नच्या रेसला शुक्रवारी त्यांचा ड्रायव्हर अल्बनने भिंतीत घातली ती चॅसी तिथे दुरुस्त होणारी नव्हती. मग काहीएक चूक नसताना दुसरा ड्रायव्हर सार्जंटची गाडी काढून अल्बनला दिली, तो ११वा आला, म्हणजे पॉइंटपण नाही. सार्जंटसाठी अजून वाईट वाटतं. आधी नीट ट्रॅकिंग सिस्टिम आणा, बाकी मीटिंगा नंतर.

जुनी_प्रिंट:
नाही पटत. सिस्टिममध्ये माहिती भरणार कोण? कॉलेजात आम्ही फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या स्पर्धेची गाडी करायचो, पुढचा अपराइट (चाक ज्यावर बसतं तो भाग) मशिनिंग होऊन आला आणि बेअरिंग बसेना, बोअर म्हणजे त्याचं भोक जुन्याच मापाचं. सगळ्यांच्या ऑनलाइन ड्राइव्हवर ड्रॉइंग बदललेलं होतं, व्हेंडरकडे आधीचीच प्रिंट, आणि त्याला कळवायचं काम कोणाचं हे कधी ठरलंच नव्हतं. ड्राइव्ह होता की! नंतर आम्ही एवढंच केलं, नवीन ड्रॉइंग गेलं की जुनी प्रिंट परत आणून फाडायची, आणि ही जबाबदारी एकाच मुलाची. परत तो घोळ झाला नाही. मॅक्लारेन टीम बघा, २०२३ च्या मार्चमध्ये एकच टेक्निकल डायरेक्टर ही पद्धत मोडून काम तिघांत वाटलं, २०२४ ला कन्स्ट्रक्टर्स म्हणजे टीमचं विजेतेपद जिंकले.

बॉक्स_बॉक्स:
मॅक्लारेनचं अर्धंच सांगितलंत. त्याच २०२३ मध्ये वोकिंगला, त्यांच्या मुख्यालयात, त्यांचा स्वतःचा नवीन विंड टनेल (गाडीवर हवेचा परिणाम तपासायचा बोगदा) सुरू झाला, आधी जर्मनीत टोयोटाचा भाड्याने वापरायचे. आणि प्रिंट फाडणं वीस-पंचवीस पोरांत चालतं हो, हजारभर माणसं असली की कोणाच्या टेबलावर कुठली प्रिंट पडलीय हे शोधणार कसं?

जुनी_प्रिंट:
विंड टनेलचं मान्य, ते मी धरलं नव्हतं. पण २०२० ची बहरीनमधली साखिरची रेस आठवा. मर्सिडीजकडे कशाची कमी होती? दोन्ही गाड्या टायर बदलायला एकामागोमाग पिटला बोलावल्या, रेडिओवरचा एक निरोप टायरवाल्यांपर्यंत पोचला नाही आणि पुढे चाललेल्या रसेलच्या गाडीला त्यांच्याच दुसऱ्या ड्रायव्हरचे, बोटासचे, टायर लागले. निरोप पोचला का हे उलट विचारायची सवय लागते, ती विकत मिळत नाही.

शेवटचा_लॅप:
अहो पण हे तर माझ्याच बाजूचं झालं! एक रेडिओ मेसेज दुसऱ्याखाली दबला, ती माणसं तर जगातली सगळ्यात तयारीची होती. विचारायची सवय हवीच, फक्त गॅरेजमध्ये दोन सेकंदात विचारणार कधी? टायर कुठल्या गाडीचा आहे हे बघून अडवणारं काहीतरी तिथे हवं होतं, आणि विल्यम्सच्या ग्रोव्हच्या फॅक्टरीत चॅसीच्या बाबतीत पण तेच.