सांत्वनाचं कार्ड हाताने करून दिलं तर चालेल का?

पूर्वभागवाली
आमच्या गल्लीतल्या अक्कांचे मिस्टर गेले, सगळा जन्म यंत्रमागावर काढलेला माणूस. भेटून आले पण तोंडातून शब्द फुटला नाही, नुसती बसून आले. आता कार्ड करून द्यायचं मनात आहे. मी कागद कापताना, चिकटवताना विठ्ठलाचं नाव घेत राहते आणि त्या घरासाठी जे मागायचं ते मागते, देवघरापुढे बसलं की माझं मन भटकतं पण हाताला काम असलं की टिकतं. पण आपल्यात असं कार्ड देतात का? तेराव्याआधी द्यावं का? लिहू काय? त्यांच्या घरात तेलुगू बोलतात. आणि पांढऱ्या गोंदाने कागद फुगतो त्याला काय करायचं?

जुनीपेठ
द्या की, बिनधास्त द्या. फक्त तेरावा होऊ द्या. तोवर घर माणसांनी भरलेलं असतं, पाहुणे गेले की तेच घर खायला उठतं, तेव्हा खरी गरज असते. आमचे बाबा गेले तेव्हा मोबाईलवर भावपूर्ण श्रद्धांजलीचा ढीग आला, त्यातलं काही लक्षात नाही. त्यांच्या एका मित्राने पोस्टकार्डावर बाबांची एक आठवण लिहून पाठवली होती, ते आईने पोथीत जपून ठेवलंय. तसं काहीतरी लिहा, जे फक्त त्यांच्याबद्दलच लिहिता येईल.

कागदवेडी
गोंदात पाणी असतं म्हणून कागद फुगतो, ग्लू स्टिक घ्या आणि रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवा. जाड कार्डशीट ए-फोर साईजची घेऊन अर्धी कापा, घडी घातली की १०५ बाय १४८ मिमीचं कार्ड होतं, ते ११४ बाय १६२ च्या पाकिटात बसतं. घडीच्या जागी आधी पट्टी लावून संपलेल्या बॉलपेनने रेघ दाबा, कड फाटत नाही. चमकी नको. ते मागावर होते ना, मग चादरीच्या दशीतले दोन-तीन धागे घडीवर सुईने ओवून घ्या, गोंदाचा डाग पडायचा प्रश्नच नाही.

शांतीनिवास
आम्ही ख्रिस्ती, आमच्यात शोकातल्या घरी बायबलमधलं वचन लिहून देतात आणि त्या घरासाठी प्रार्थना करतात, त्यामुळे तुमचं नामस्मरण मला अगदी कळलं. भाषेचं टेन्शन घेऊ नका. अक्कांना मराठी समजत असणार, वाचता येत नसेल तर शेजारी बसून वाचून दाखवा, मग त्या आपोआप बोलत्या होतील.

पूर्वभागवाली
सगळ्यांचे मनापासून आभार. आठवण सापडली. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते पण अवेळी, आणि काका रात्रपाळीहून येताना नळ सुटलेला दिसला की एकेका दाराची कडी वाजवत जायचे, कुणाची घागर रिकामी राहू दिली नाही. हेच लिहिते. कार्डशीट नवी पेठेत सुटी मिळते का, का पूर्ण पाकीट घ्यावं लागतं?