मदत हवी आहे: शाळेतला भोंडला, खिरापत आणि शेंगदाण्याची ॲलर्जी

नमस्कार मंडळी. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारला राहतो. मुलीच्या प्राथमिक शाळेत नवरात्रात गरबा होतोच. यंदा बाईंनी पहिली-दुसरीसाठी भोंडल्यालाही होकार दिलाय. तयारी आम्हा तीन आयांकडे. फार आनंद झालाय, कारण इथल्या बऱ्याच मुलांनी पाटावरचा हत्ती पाहिलेलाच नाही.

अडचण खिरापतीची. वर्गातल्या एका मुलाला शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी आहे. झाकलेला डबा वाजवून ओळखायला लावण्यातच खरी गंमत, पण त्याच्या आईला आधी सगळं सांगायलाच हवं. दाणे, तीळ, काजू वगळून, ओळखायला कठीण असं काय करू? राजगिऱ्याच्या वड्या डोक्यात आहेत, पण विकतच्या वड्यांत दाणे असू शकतात. घरी केल्या तरी दाण्याचं कूट करतो तो मिक्सर चालणार नाही, हे लक्षात ठेवलंय.

दुसरं, गरब्याच्या छिद्रांच्या मडक्यात पणती ठेवावी की बॅटरीचा दिवा? भोवती घेरदार चणिया-चोळ्या, ओढण्या आणि साठ मुलं! मला बॅटरीचाच योग्य वाटतो. एका आजींना मात्र खरी ज्योतच हवी आहे. त्यांचं मन न दुखवता कसं सांगावं?

शनिवारी बैठक आहे, त्याआधी सुचवा.