भटकंतीतून उभं राहिलेलं काम: तुमचे अनुभव सांगा

एव्हरेस्टनंतर एडमंड हिलरींनी शेर्पांना विचारलं, तुमच्यासाठी काय करू? उत्तर आलं, शाळा. १९६१ मध्ये खुमजुंगला शाळा झाली, १९६६ मध्ये खुंदेला दवाखाना. १९७५ च्या विमान अपघातात पत्नी आणि धाकटी मुलगी गेली, तरी ते त्या गावांकडे जात राहिले.

आपण काही हिलरी नाही. पण फिरायला गेलेल्या एखाद्या गावात जीव अडकलाय, असं कुणाचं झालंय का? काय केलंत ते लिहा. फसलेलं आधी लिहिलंत तर उत्तमच.

सुरुवात मी करते. ट्रेकला एका डोंगरातल्या शाळेत मुक्काम केला आणि निघताना मुलांना पेनं वाटली. फार धन्य वाटलं. पुढच्या वर्षी तीच मुलं वाटेत हात पसरून उभी, "पेन, पेन!" आदल्या वर्षी ती आम्हाला बघून दाराआड पळाली होती. ही सवय आम्हीच लावली. वाटप बंद केलं आणि गुरुजींजवळ बसलो. त्यांनी वर बोट दाखवलं. पावसाळ्यात छप्पर एवढं गळायचं की दोन वर्ग एकाच कोपऱ्यात बसायचे. पत्र्यांचे पैसे महिन्याभरात जमले, पण शेवटची दोन तासांची चढण पायवाटेची. गावकरी एकेक पत्रा डोक्यावरून सहज नेत होते. आम्ही चौघांनी मिळून एक उचलला, वाऱ्यात तो शिडासारखा फिरला आणि मी झुडपात!

~

पेनांचं वाचून हसलो, कारण मीही वाटलीत.

माझं काम हातपंपाचं. रस्त्याकडेला पंप दिसला, वर देणगीदाराची पाटी चकचकीत, आणि बायका पुढे झऱ्यावर रांगेत. पेशाने फिटर असल्यामुळे राहवेना. उघडून पाहिलं तर आतलं वायसर झिजलेलं, बाकी पंप ठणठणीत. एवढ्याशा रबरासाठी वर्षभर बंद! दुरुस्त करून आलो, सहा महिन्यांनी पुन्हा तेच. मग पाने, सुटे भाग घेऊन आठवडाभर राहिलो आणि दोन बायकांना शिकवलं. पुरुष आधी पुढे आले होते, पण पाणी भरत होत्या बायका. पंप बंद पडला की त्रास त्यांना. आता मला फोन येतो तो फक्त सुट्या भागांसाठी.

आफ्रिकेत मुलांच्या गोल फिरणाऱ्या चक्राने पाणी उपसायची योजना निघाली होती, आठवते? मुलं खेळतील, पाणी वर येईल. कल्पना झकास, पण मुलं कंटाळली की ते अवजड चक्र बायकांनाच ढकलावं लागायचं.

~

स्पष्ट बोलतो, राग नको. प्रवासाचा खर्च तिथल्याच एखाद्या संस्थेला पाठवला असता तर?

~

बरोबर आहे. पण गेले नसते तर मी एक छदामही पाठवला नसता. स्वतःला ओळखते मी.

~

माझा अनुभव जरा कडू. सहलीत पंधरा दिवस एका अनाथाश्रमात शिकवलं. निघताना मुली गळ्यात पडून रडल्या, मीही रडले. नंतर कळलं, त्यातल्या एकीची आई शेजारच्याच गावात होती. आमच्यासारखे पाहुणे येत म्हणून मुलं आणली जात. अशी मुलं आणण्याला ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीचा प्रकार मानलंय. आता मुलांना घरी परतायला मदत करणाऱ्यांना पैसे देते. फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं.

~

माझं अगदी छोटं. एका खेड्यातल्या मुक्कामात घरच्या आजी म्हणाल्या, शिवण सोडलं, नजर गेली. मी सहज माझा जवळचा चष्मा दिला. नजर कुठली गेली, चाळिशी होती नुसती! तेव्हापासून सॅकमध्ये दीड ते तीन नंबरचे साधे चष्मे असतात. अंधूकपणा लांबचाही असेल तर देत नाही, तिथल्या डोळ्यांच्या शिबिराची तारीख सांगते.

त्या आजींनी चष्मा लावून आधी सुई ओवली. मग माझी हनुवटी धरून तोंड जवळ ओढलं, नीट निरखलं आणि म्हणाल्या, "अगं बाई, मी तर तुला पोरगी समजत होते!"