डीएनए बारकोडिंगचे निकाल हाती आले आहेत. प्रजातींच्या यादीत काय आणि कसे लिहावे?

रानओढा

आमचा एक छोटा गट एका डोंगरी ओढ्यातील कीटकांची नोंद करत आहे. दगड हलवल्यावर जाळीत येणारे बहुतेक जीव अळीच्या किंवा निम्फच्या (कोष न करता वाढणाऱ्या कीटकाच्या पिल्लाच्या) अवस्थेत असतात आणि ओळखीची पुस्तके मुख्यतः प्रौढ नरांवर बेतलेली असल्यामुळे आमची ओळख कुळापर्यंत येऊन थांबते. म्हणून काही नमुने डीएनए बारकोडिंगसाठी, म्हणजे डीएनएचा एक ठरावीक तुकडा वाचून तो ओळख पटलेल्या जीवांच्या तुकड्यांशी ताडून पाहण्यासाठी, प्रयोगशाळेत दिले होते. आता निकालाचा तक्ता आला आहे, त्यात प्रत्येक नमुन्यापुढे एक नाव आणि जुळणीची टक्केवारी आहे. मेफ्लायच्या एका निम्फची जुळणी 99.8 टक्के आहे, कॅडिसफ्लायच्या एका अळीची 91 टक्के आहे आणि कायरोनोमिडच्या (डासासारख्या, पण न चावणाऱ्या माशीच्या) एका अळीपुढे दोन वेगवेगळी नावे असून दोन्हींची जुळणी सारखीच, म्हणजे 99.5 टक्के आहे.

ही नावे यादीत तशीच लिहावीत का, आणि किती टक्क्यांच्या वर ओळख पक्की मानतात? शिवाय गटातील काहींचे म्हणणे असे आहे की जीव पकडत बसण्यापेक्षा ओढ्याचे पाणीच गाळून त्यातला डीएनए वाचावा, म्हणजे सगळी यादी एकदम मिळेल. हे कितपत योग्य ठरेल?

सूक्ष्मदर्शी

किती टक्क्यांच्या वर ओळख पक्की, याला सर्व प्राण्यांना लागू पडेल असे एक उत्तर नाही. तक्त्यातली टक्केवारी तुमच्या नमुन्याबद्दल जितके सांगते, तितकेच ती ज्या संदर्भसंग्रहाशी ताडून पाहिली त्या संग्रहाबद्दलही सांगते.

प्राण्यांच्या बारकोडिंगसाठी मायटोकॉन्ड्रियातील (पेशीतल्या ऊर्जा पुरवणाऱ्या घटकातील) सीओआय या जनुकाचा सुमारे 658 बेसचा, म्हणजे डीएनएच्या साखळीतल्या तितक्या अक्षरांचा, तुकडा वाचतात. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी 2003 साली प्राण्यांच्या ओळखीसाठी हे जनुक सुचवले. एका पेशीत मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या पुष्कळ प्रती असल्याने कीटकाच्या एखाद्या पायातूनही काम भागते, आणि हा तुकडा अशा वेगाने बदलतो की सहसा एकाच प्रजातीतील दोन जीवांत फरक थोडा असतो व जवळच्या दोन प्रजातींत त्याहून बराच जास्त असतो. सगळी पद्धत या दोन फरकांमधल्या मोकळ्या जागेवर उभी आहे. ही जागा काही गटांत चांगली रुंद असते, तर काहींत जवळजवळ नसतेच. प्रवाळांमध्ये मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए इतका सावकाश बदलतो की सीओआय तिथे फारसे उपयोगी पडत नाही. त्यामुळे ‘फरक दोन टक्क्यांच्या आत असेल तर एकच प्रजाती’ हा अनेक ठिकाणी आढळणारा आकडा कामचलाऊ संकेत आहे, त्याला नियम मानू नये.

आता तुमचे तीन नमुने पाहू. 99.8 टक्के म्हणजे पूर्ण लांबीच्या तुकड्यात एका बेसचा फरक. ही जुळणी उत्तम आहे, पण ती खरोखर पूर्ण लांबीवर झाली आहे ना, हे तपासा, कारण 200 बेसच्या तुकड्यावरची जवळजवळ पूर्ण जुळणी आणि 658 बेसवरची तशीच जुळणी यांना सारखे वजन देता येत नाही.

91 टक्के म्हणजे सुमारे 60 बेसचा फरक. याचा सरळ अर्थ असा की तुमची कॅडिसफ्लाय त्या संग्रहात नाही आणि जे होते त्यातले सर्वांत जवळचे नाव संगणकाने पुढे केले आहे. हे प्रजातीचे नाव यादीत अजिबात लिहू नये. अळी पाहून कुळ नक्की करता येत असेल तर कुळ लिहावे आणि पुढे तुमचा स्वतःचा नमुना क्रमांक द्यावा. संग्रह अपुरा असला की चुका किती वाढतात, हे 2005 साली कवड्यांच्या अभ्यासात स्पष्ट दिसले होते: गटातील बहुतेक प्रजाती संग्रहात असताना बारकोडने नीट ओळख पटत होती, पण संग्रह अर्धवट असताना ठरावीक टक्केवारीवर विसंबून राहणे धोक्याचे ठरले.

दोन नावांचा नमुना सर्वांत मजेशीर आहे. त्या दोनपैकी एका नावाखाली कोणीतरी चुकीचा जीव नोंदवला असेल. दोन्ही नावे एकाच प्रजातीची, जुने आणि नवे अशी असतील. त्या प्रजाती अलीकडेच वेगळ्या झाल्यामुळे या जनुकात अजून फरक पडला नसेल. किंवा संकरातून एकीचा मायटोकॉन्ड्रिया दुसरीत शिरला असेल. कीटकांमध्ये व्होल्बाकिया हा जिवाणूही घोळ करतो. तो आईकडून पुढच्या पिढीत जातो आणि त्याच्या प्रसाराबरोबर एकच मायटोकॉन्ड्रिया सगळीकडे पसरू शकतो. यातले काय घडले आहे हे सीओआयच्या एका तुकड्यावरून ठरत नाही. बोल्ड या बारकोडच्या ऑनलाइन संग्रहात जाऊन त्या दोन नावांमागचे नमुने कोणी ओळखले, त्यांचे छायाचित्र आहे का, ते कुठल्या संग्रहालयात ठेवले आहेत, हे पाहावे. दहा नोंदी एका नावाच्या आणि दुसऱ्या नावाची एकच, तीही छायाचित्राविना, असे दिसले तर निष्कर्षाची दिशा बरीचशी कळते.

आणखी एक गोष्ट म्हणजे प्रयोगशाळेकडून फक्त तक्ता घेऊन थांबू नका. बेसचा क्रम वाचताना यंत्राने काढलेल्या, प्रत्येक बेससाठी एक शिखर दाखवणाऱ्या मूळ आलेखांच्या फाइल मागून घ्या. आलेखात एकाच जागी दोन शिखरे एकमेकांवर चढलेली दिसली, तर नमुन्यात दुसऱ्या जीवाचा डीएनए मिसळला असण्याची किंवा केंद्रकातील डीएनएमध्ये जाऊन बसलेली या जनुकाची निकामी प्रत वाचली गेली असण्याची शक्यता असते. अशी प्रत ओळखण्यासाठी क्रमाचे प्रथिनात भाषांतर करून मध्येच स्टॉप कोडॉन (प्रथिन इथे संपते अशी खूण) येतो का, ते पाहतात. मात्र त्यासाठी अपृष्ठवंशीयांच्या मायटोकॉन्ड्रियाची संकेतसारणी (कोणत्या तीन बेसचा अर्थ काय, हे सांगणारा तक्ता) निवडावी लागते. नेहमीच्या सारणीत टीजीए म्हणजे स्टॉप, तर या सारणीत ते ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असते, त्यामुळे सारणी चुकली तर चांगला क्रमही खराब दिसतो.

पाणकिडा

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, पण ज्या अळ्यांचा डीएनए काढला त्या आता कुठे आहेत, हे तुमच्या प्रश्नात कुठेच आलेले नाही. पूर्ण अळी कुटून डीएनए काढला असेल, तर पुढे शंका आली की पाहायला काहीच उरत नाही. पाय किंवा पोटाचा तुकडा द्यावा, डोके राखून ठेवावे. कायरोनोमिडसारख्या बारीक अळ्यांना न कुटता फक्त पाचक विकराच्या द्रावणात भिजवले, तर मऊ भाग विरघळून डीएनए बाहेर येतो आणि कायटिनचे कवच शाबूत राहते. त्या कवचाची काचपट्टी करून जबड्याखालच्या दातेरी पट्टीवरचे दात मोजता येतात. कायरोनोमिडच्या ओळखीची मुख्य मदार त्या दातांवरच असते.

माझ्या मते बारकोडचा सर्वांत चांगला उपयोग नाव मिळवण्यापेक्षा जोडी जुळवण्यात आहे. ओढ्याकाठी प्रकाशसापळा लावून प्रौढ नर पकडावेत, त्यांची ओळख जननांगांवरून करून घ्यावी आणि त्यांचा बारकोड तुमच्या अळ्यांच्या बारकोडशी ताडून पाहावा. तुमची 91 टक्क्यांची कॅडिसफ्लाय अशाने एका हंगामात नावावर येऊ शकते, आणि त्या प्रजातीचे नाव लागलेला बारकोड संग्रहात नसेल तर ती उणीव तुमच्याच नोंदीने भरून निघेल.

बारकोड आणि निरीक्षण एकत्र आले की काय होते, याचे गाजलेले उदाहरण कोस्टा रिकातील ग्वानाकास्ते इथले आहे. अॅस्ट्राप्टेस फुल्गेरेटर या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्किपर फुलपाखरात प्रत्यक्षात 10 प्रजाती असाव्यात, असे 2004 साली मांडले गेले. तिथे आधी अनेक वर्षे सुरवंट वाढवून त्यांचे रंग आणि खाद्यवनस्पती टिपून ठेवल्या होत्या, म्हणूनच बारकोडचे गट निसर्गातल्या कशाशी जुळतात हे दाखवता आले. तरीही 10 हा आकडा फार होतो, असा आक्षेप पुढे घेतला गेलाच. नुसत्या क्रमांच्या झाडावरून (साम्यावरून काढलेल्या वंशवृक्षासारख्या आकृतीवरून) प्रजातींची संख्या जाहीर करणाऱ्यांनी तो वाद वाचावा.

थेंब

पाणी गाळण्याविषयी लिहितो. ही पद्धत चांगली आहे, पण तुमच्या प्रश्नाला ती लागू पडेल असे वाटत नाही. फ्रान्समध्ये 2008 साली तळ्यांच्या पाण्यातल्या डीएनएवरून अमेरिकन बुलफ्रॉगचे अस्तित्व ओळखले गेले, तेव्हापासून या पद्धतीचा मोठा गवगवा झाला. तिथे पाणी स्थिर होते आणि शोध एकाच ठरलेल्या प्राण्याचा होता. तुम्हाला वाहत्या ओढ्यातून सगळ्या कीटकांची यादी हवी आहे.

वाहते पाणी डीएनए पुढे नेते. स्वित्झर्लंडमधील ग्लॅट नदीत सरोवरात राहणाऱ्या जीवांचा डीएनए प्रवाहाच्या दिशेने सुमारे 12 किलोमीटरपर्यंत सापडला होता. त्यामुळे तुमच्या बाटलीत आलेले नाव तुमच्या जागेचे आहे की वरच्या खोऱ्यातले, हे सांगता येणार नाही. दुसरे असे की सर्व प्रकारच्या जीवांना चालणारे सीओआय प्रायमर (जनुकाला चिकटून त्याच्या प्रती काढायला सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे) गाळलेल्या पाण्यावर वापरले, तर शैवाल आणि जिवाणू यांचेच क्रम ढिगाने येतात आणि कीटकांच्या वाट्याला थोडे उरतात.

त्यापेक्षा जाळीत आलेले सगळे जीव एकत्र घेऊन मेटाबारकोडिंग करणे, म्हणजे सगळ्यांचे बारकोड एकदम वाचणे, तुम्हाला अधिक उपयोगी पडेल, मात्र पाणकिडा यांनी म्हटल्याप्रमाणे काही जीव आधी वेगळे राखून मगच. निकालात कोणत्या प्रजातीचे किती क्रम आले, यावरून ओढ्यात तिचे किती जीव आहेत असा अंदाज करू नका. मोठ्या अळीचा डीएनए जास्त असतो आणि काही प्रजातींना प्रायमर चिकटतच नाही. प्रत्येक खेपेला नमुना न घातलेली एक रिकामी नळी शेवटपर्यंत सोबत चालवायला सांगा. त्या नळीत मेफ्लाय सापडली, तर तुमच्या यादीतल्या मेफ्लायवरही प्रश्नचिन्ह लागते.

रानओढा

सर्वांचे आभार. प्रयोगशाळेकडून आलेखांच्या फाइल आणि उरलेले नमुने मागवले आहेत. एक शंका राहिली आहे: आमच्याकडे आधीच्या हंगामातले काही नमुने फॉर्मॅलिनमध्ये आहेत. त्यांचा बारकोडिंगसाठी उपयोग होईल का?

सूक्ष्मदर्शी

पूर्ण तुकडा मिळण्याची आशा धरू नका. फॉर्मॅलिनमुळे डीएनए प्रथिनांशी जखडला जातो आणि त्याचे तुकडे होतात. काही वेळा 100 ते 200 बेसचा छोटा बारकोड निघतो आणि संग्रहात ती प्रजाती असेल तर तेवढ्यावर ओळख पटूही शकते, पण खर्च आणि खटपट पाहता ते नमुने बाह्यलक्षणांच्या अभ्यासासाठी राखणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. यापुढचे नमुने थेट 95 टक्के इथेनॉलमध्ये ठेवा, बाटलीत जीव कोंबू नका आणि दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला, कारण पाण्यातल्या जीवांच्या अंगातले पाणी उतरून ते पातळ होते. बाटलीत आतल्या बाजूला पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका. बाहेरची शाई इथेनॉल सांडले की पुसली जाते.