परदेशी गेम स्पर्धेच्या यादीत इंडियाच नाही, भाग घेता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, परभणीहून लिहितोय. माझा धाकटा भाऊ डिप्लोमाला आहे, त्याला गेम खेळण्यापेक्षा गेममधे स्वतःची लेव्हल, म्हणजे खेळायचा एक टप्पा, बनवायचा नाद जास्त. एका परदेशी कंपनीची लेव्हल बनवायची स्पर्धा निघालीय, फी काही नाही, परीक्षक बघून नंबर काढणार, पहिल्याला डॉलरमधे रोख आणि वर एक कन्सोल. पठ्ठ्यानं वालूरची बारव घेतली, आपली सेलू तालुक्यातली ती गोल फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची, आणि खेळणारा खाली जाईल तसतसं पाणी वर येतं असं काहीतरी केलंय, मला त्यातलं कळत नाही पण दिसायला लई भारी झालंय. सगळं तयार करून फॉर्म भरायला बसला तर देशांच्या यादीत आइसलँड झालं की डायरेक्ट आयर्लंड. इंडिया नाहीच! गेम विकताना मात्र आपला देश बरोबर दिसतो यांना.

आता त्याचे मित्र म्हणायलेत व्हीपीएन लाव, म्हणजे नेटवर तू दुसऱ्या देशात आहेस असं दिसतं, आणि न्यू जर्सीला चुलतभाऊ आहे त्याचा पत्ता टाक, कोण बघतंय. बाबा म्हणायलेत ऑगस्ट २०२५ मधे ऑनलाइन गेमचा कायदा झालाय, उगं लफडं नको. तर भारत वगळलाय तो आपल्या कायद्यामुळं का त्यांच्या? चुलतभावाचा पत्ता टाकला तर काय होतं? आणि समजा जिंकलाच तर टॅक्स किती जातो? जाणकारांनी सांगा राव.

प्रतिसाद १
बाबांचं टेन्शन आधी काढा. त्या कायद्यात मनी गेम म्हणजे फी भरून, पैसे ठेवून किंवा काही पणाला लावून, जिंकायच्या आशेनं खेळलेला गेम, मग तो डोक्याचा असो का नशिबाचा. तुमच्याकडं फीच नाही, तर तो या व्याख्येत बसत नाही. अडचण दुसरीकडं आहे. बक्षिसाचे नियम प्रत्येक देशात वेगळे. कॅनडात नुसत्या नशिबावर बक्षीस देऊन चालत नाही म्हणून ज्याचं नाव निघालं त्याला गणित घालतात, खरंच, साधं बेरीज गुणाकाराचं. इटलीत बक्षिसाच्या किमतीएवढी हमी आधी भरून ठेवावी लागते. खुद्द अमेरिकेत न्यूयॉर्क आणि फ्लोरिडात लकी ड्रॉची बक्षिसं ५००० डॉलरच्या वर गेली की नोंदणी आणि बॉन्ड, म्हणजे बक्षीस देण्याची हमी, लागते. आपल्याकडं १९५५ चा बक्षीस स्पर्धा कायदा आहे, अक्षरं आकडे जुळवायच्या कोड्यांच्या स्पर्धेत महिन्याला एकूण १००० रुपयांच्या वर बक्षीस ठेवता येत नाही. बारवेला तो लागत नाही हो, पण तिकडचा वकील एवढं वाचत बसत नसतो, आपल्या राज्याराज्यातले जुगाराचे वेगळे कायदे बघतो आणि देशच यादीतून काढून टाकतो. म्हणजे बहुतेक वेळा भाग घेणाऱ्याला गुन्हा नसतो, कंपनीला कटकट नको असते. तरी नियम त्यांचा, तो मोडला की बाद.

प्रतिसाद २
लातूरहून, सीएकडं आर्टिकलशिप करायलो. पत्त्याची आयडिया डोक्यातून काढा. भाग घेताना कोणी तपासत नाही, तपासतात जिंकल्यावर. ओळखपत्र, राहण्याचा पुरावा, सही केलेलं हमीपत्र, टॅक्सचा फॉर्म. चुलतभावाच्या नावानं घेतलं तर त्याचा सोशल सिक्युरिटी नंबर (तिकडं टॅक्ससाठी लागणारा ओळख क्रमांक) द्यावा लागेल आणि बक्षीस त्याच्या उत्पन्नात धरलं जाईल, वर लेव्हल मीच बनवली असं त्याला खोटं लिहून द्यावं लागेल. परक्या देशात राहणाऱ्या माणसाला कशाला त्यात ओढायचं?

टॅक्सचं म्हणाल तर कंपनी अमेरिकन असली की डब्ल्यू-८ बेन नावाचा, आपण अमेरिकेबाहेरचे आहोत हे सांगणारा टॅक्सचा फॉर्म भरून घेतात आणि ३० टक्के तिकडंच कापू शकतात. आपल्याकडं गेममधे जिंकलेल्या पैशावर सरळ ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के सेस, स्लॅबचा फायदा नाही. परीक्षकांनी काम बघून दिलेलं बक्षीस त्यातच धरायचं का साधं इतर उत्पन्न, हे सीएला नियमावली दाखवूनच ठरवा. कन्सोल पार्सलनं आला तर कस्टम ड्युटी तुमच्याच खिशातून. डिसेंबर २०१९ पासून भेट म्हणून आलेल्या वस्तूलाही माफी नाही, राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी सोडलीत. आणि कोणी "बक्षीस लागलंय, आधी प्रोसेसिंग फी पाठवा" म्हणलं तर ते चोरटे आहेत. पैसे देऊन बसलाच कोणी तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. बाबांना वाचून दाखवलं, ते आता कॅनडातल्या गणितावरच अडकलेत. पत्त्याचा विषय घरात बंद केला. पोरगं नाराज आहे, पण नियमावलीच्या शेवटी बारीक अक्षरात शंकेसाठी मेल आयडी दिलाय, तिथं विचारायचं ठरवलंय की बक्षीस नको, नुसती लेव्हल परीक्षकांना दाखवायला आणि नाव छापायला घ्याल का. शेवटची तारीख जवळ आलीय. असा मेल कोणी केलाय का आधी? आणि लेव्हल एकदा अपलोड केली की तिच्यावरचा हक्क कंपनीकडं जातो असं एक कलम दिसतंय, मग बक्षीस नसताना ती द्यावी का नाही? भारतातल्यांना चालणारी अशी दुसरी स्पर्धा माहीत असेल तर तेही सांगा.