प्रश्न टिकाऊपणाचा आणि परवान्याचा

इंटरनेटवरील मोफत, सर्वांसाठी खुले असलेले अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण जेमतेम दहा टक्क्यांच्या आतबाहेर असते, म्हणून हा सगळा प्रयोगच फसला, असा निष्कर्ष या चर्चेतील वरच्या प्रतिसादांत काढलेला दिसतो. तो मला पटत नाही. नाव नोंदवणे फुकट असल्यावर नुसते चाळून पाहणारेही त्या संख्येत मोजले जाणारच. माझ्या मते खरी अडचण टिकाऊपणाची, म्हणजे हे साहित्य पुढेही उपलब्ध राहील की नाही याची आहे आणि तिचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही.

बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने वीस हजारांहून अधिक व्याख्यानांची चित्रमुद्रणे व ध्वनिमुद्रणे अनेक वर्षे सर्वांसाठी खुली ठेवली होती. त्यांतील अनेकांना नीट उपशीर्षके नसल्याने ती आपल्याला वापरता येत नाहीत, अशी तक्रार गॅलोडेट या कर्णबधिरांसाठीच्या अमेरिकी विद्यापीठातील कर्णबधिर कर्मचाऱ्यांनी केली. अमेरिकेच्या न्याय विभागाने २०१६ मध्ये ती ग्राह्य धरली, आणि दुरुस्तीच्या खर्चाचे कारण पुढे करत विद्यापीठाने मार्च २०१७ पासून हा संग्रहच लोकांसाठी बंद करायला घेतला. (तक्रार रास्तच होती, उपाय मात्र अजब निघाला.) तरीही ती व्याख्याने नाहीशी झाली नाहीत, कारण क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यामुळे (आपले साहित्य इतरांनी ठरावीक अटींवर वापरावे, अशी मालकाने आधीच दिलेली परवानगी) इतरांना त्यांच्या प्रती करून ठेवण्याची मुभा होती आणि तशा त्या ठेवल्याही गेल्या. याउलट जून २०१६ अखेर कोर्सेरा या ऑनलाइन अभ्यासक्रम पुरवणाऱ्या कंपनीने आपली जुनी यंत्रणा बंद केली, तेव्हा नव्या यंत्रणेवर न नेलेल्या बहुतेक अभ्यासक्रमांबाबत शिकणाऱ्यांकडे असा कोणताही हक्क नव्हता. मुदत संपण्यापूर्वी स्वतःपुरते जमेल तेवढे उतरवून घेणे, एवढेच त्यांच्या हाती होते.